तान्ह्याचा श्वास आणि आईबापांचा घोर

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा आपल्याकडील जुना रिवाज. त्याला अनुसरून तेरा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात माझी पत्नी धुळ्याला तिच्या माहेरी होती आणि मी जळगावला महाविद्यालयाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. मुलगी झाल्याचा निरोप आला. जाऊन तिला पाहून आलो, सहकाऱ्यांना पेढे दिले आणि पुन्हा कामाला लागलो. सहाव्या दिवशी रात्री सासऱ्यांचा फोन आला. मनुष्य मितभाषी, सारे आयुष्य कचेरीत गेलेले. ते एवढेच म्हणाले, "जावईबापू, बाळाचा श्वास काही ठीक वाटत नाही. तुम्ही आलेले बरे."

शेवटच्या एस.टी.ने एरंडोल आणि पारोळा मागे टाकीत मी मध्यरात्री धुळ्याला पोहोचलो. घरातील सगळे दिवे लागलेले होते. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलीचा श्वास भराभर चाले, चालता चालता अचानक थांबे आणि मग जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा सुरू होई. त्या थांबण्याच्या काही क्षणांत आम्हा सर्वांचाही श्वास थांबत असे. शेजारच्या एका आजींनी दृष्ट काढण्यास सांगितले होते, दुसऱ्या एकीने नाकात तेल सोडण्यास. पत्नी कोणाशीच बोलत नव्हती. ती बाळाच्या छातीकडे एकटक पाहत होती.

पहाटे आम्ही मुलीला एका खासगी रुग्णालयात नेले. तेथे तिला काचेच्या पेटीत ठेवण्यात आले. चार दिवस ती तेथे होती. या चार दिवसांत डॉक्टरांशी आमचे मिळून दहा मिनिटेही बोलणे झाले नसेल. "पाहू या", "निरीक्षणाखाली ठेवले आहे", "काळजीचे कारण नाही, पण आत्ताच काही सांगता येत नाही" ही तीन वाक्ये आळीपाळीने ऐकावयास मिळत. पाचव्या दिवशी मुलगी घरी आली. हातात पडलेल्या कागदावर इंग्रजी आद्याक्षरे होती आणि देयकावर माझा दीड महिन्याचा पगार होता. तिला नेमके काय झाले होते, किंबहुना काही झाले होते की नाही, हे मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही. मुलगी आता आठवीत आहे आणि शाळेच्या खो-खो संघात धावते, म्हणून हा प्रश्न आमच्या घरात कोणी काढीत नाही.

परंतु त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी एकटाच बाप नव्हतो. शिंदखेडा तालुक्याच्या बाजूचा एक तरुण माझ्याशेजारी बाकावर बसलेला असे. तो एका शेतकऱ्याकडे सालदार होता. खानदेशात आखाजीला साल ठरते आणि सालदार वर्षभराच्या मजुरीतून उचल घेतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. या तरुणाने बाळाच्या अनामत रकमेसाठी पुढच्या सालाची उचल आधीच घेतली होती. त्याच्या बाळाचे पोट श्वासागणिक उडत होते. तो मला म्हणाला, "माले दिखी ऱ्हायंतं भाऊ, पन कोनले इचारसू?" मला दिसत होते, पण विचारू कोणाला? दोन दिवस त्याला दिसत होते. दोन दिवस त्याने वाट पाहिली, कारण विचारावे असे माणूस जवळ नव्हते आणि गाडीभाड्याचे पैसेही नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा ते बाक रिकामे होते. बाळ बरे होऊन गेले, पैसे संपले म्हणून नेले, की आणखी काही झाले, हे मी विचारले नाही. माझी मुलगी तेव्हा आत होती; विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्या सालदाराचा प्रश्न मात्र माझ्यासोबत राहिला. हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

भीती म्हणजे अडाणीपणा नव्हे

आपल्या सुशिक्षित मंडळींची अशी समजूत असते, की नवख्या आईबापांची भीती ही निव्वळ भावना असून वैद्यकाला तिचा उपद्रवच अधिक होतो. अनुभवी डॉक्टरही कित्येकदा "तुम्ही उगाच घाबरता" असे म्हणून मोकळे होतात. वस्तुस्थिती अशी आहे, की तान्हे मूल स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही आणि त्याच्याकडे चोवीस तास पाहणारे माणूस आईवाचून दुसरे कोणी नसते. तिच्या डोळ्यांना जे प्रथम दिसते, ते कोणत्याही यंत्राला त्यानंतर काही तासांनी दिसते. तिची भीती ही एक माहिती आहे. ती चुकीची असू शकेल, पण ऐकून न घेता फेकून देण्याजोगी खचित नाही.

या संदर्भात मेळघाटातील एका घटनेकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे असे मला वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील एका गावात बावीस दिवसांच्या बाळाला श्वासाचा त्रास होऊ लागला, म्हणून त्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याने पासष्ट चटके देण्यात आल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. 'डम्मा' या नावाने ही प्रथा तिकडे ओळखली जाते. महाराष्ट्र हळहळला, संतापला आणि 'अंधश्रद्धा' हा शब्द उच्चारून पुढच्या बातमीकडे वळला. उपचार अघोरी होता यात शंकाच नाही. परंतु त्या घरातील माणसांनी निदान चुकविले नव्हते. बाळाचा श्वास बिघडला आहे, पोट उडते आहे आणि वेळ थोडा आहे, एवढे त्यांनी बरोबर ओळखले होते. भीती खरी होती. तिला उत्तर देण्यास मात्र विळ्याखेरीज काही जवळ नव्हते. आमच्या धुळ्याच्या घरी नाकात तेल सोडण्याची सूचना झाली, ती याच जातीची. पत्नीने ती ऐकली नाही, हे आमचे भाग्य. कारण असे तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, हे मला पुढे कळले.

श्वासाचे गणित

मी वैद्यक शिकलेला नाही. तथापि त्या चार दिवसांनंतर मी जे वाचले आणि जाणत्यांकडून समजून घेतले, त्यातील काही भाग कोणाही आईबापांच्या उपयोगी पडावा असा आहे.

नवजात बालक निवांत असताना मिनिटाला साधारणपणे तीस ते साठ वेळा श्वास घेते. म्हणजे मोठ्या माणसाच्या तुलनेने ते सदैव धापच टाकीत असते. शिवाय हा श्वास लयबद्ध नसतो. काही वेळ भराभर चालून पाच-दहा सेकंद थांबावा आणि पुन्हा सुरू व्हावा, हे कित्येक निरोगी बालकांत घडते. मेंदूतील श्वासाचे केंद्र अद्याप पुरते पक्व झालेले नसते, म्हणून असे होते. बाळ नाकानेच श्वास घेत असल्याने नाक थोडे चोंदले तरी घुरघुर ऐकू येते. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या काही बालकांच्या फुप्फुसांतील पाणी निघून जाण्यास वेळ लागतो आणि पहिले दोन-तीन दिवस त्यांचा श्वास जलद चालून आपोआप मूळ पदावर येतो.

याच्या उलट काही खुणा अशा आहेत, की त्या दिसताच एक तासही दवडू नये. बाळ शांत असताना एक मिनिटभर मोजलेला श्वास साठ किंवा त्याहून अधिक भरला आणि पुन्हा मोजूनही तितकाच आला. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली. प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. नाकपुड्या फुलू लागल्या. जीभ किंवा ओठ निळसर झाले. श्वास वीस सेकंदांहून अधिक थांबला. किंवा बाळाने अंगावर पिणे सोडले, तर तो धोका समजावा. जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, हृदयातील जन्मजात दोष, अपुऱ्या दिवसांची कच्ची फुप्फुसे यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. यांतील कोणते, हे घरी कळणार नाही. घरी कळायचे ते एवढेच, की आता येथे थांबता कामा नये.

या यादीकडे अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. साध्या घुरघुरीपासून जीवघेण्या आजारापर्यंत सगळ्याची सुरुवात आईबापांना सारखीच दिसते. शंभर भित्र्या बापांपैकी बहुतेकांची भीती निराधार ठरेल, थोड्यांची खरी निघेल. पण आपण कोणत्या गटात आहोत, हे त्या रात्री कोणालाच ठाऊक नसते. ते ठरविण्याचे पहिले साधन मात्र अतिशय स्वस्त आहे. सेकंदकाटा असलेले घड्याळ, एक मिनिटाचा अवधी आणि काय पाहावयाचे हे शिकलेले एक माणूस.

१९६३ सालच्या दोन घटना

हे ज्ञान मानवजातीला फार उशिरा मिळाले. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ विदुषीने जन्मलेल्या बाळाची प्रकृती श्वास, नाडी, रंग, स्नायूंचा जोर आणि प्रतिसाद अशा पाच खुणांवरून गुण देऊन ठरविण्याची पद्धत १९५२ साली मांडली. तोपर्यंत जन्मतः न रडणाऱ्या बाळाकडे पद्धतशीर लक्ष देण्याची रीतच नव्हती. अपुऱ्या दिवसांच्या बालकांची फुप्फुसे श्वासागणिक मिटून का जातात, याचे कारण मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. फुप्फुसांना आतून ज्या द्रव्याचा लेप लागतो, तेच या बालकांत तयार झालेले नसते.

कारण कळले, पण उपाय हाती नव्हता. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना साडेपाच आठवडे आधी पुत्र झाला. वजन सुमारे दोन किलो शंभर ग्रॅम. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचे सारे वैद्यक पणाला लागले, बॉस्टनला हलवून त्याला प्राणवायूच्या दाबाखालील कोठडीत ठेवण्यात आले. पण ३९ तासांनी ते मूल श्वासाच्या विकाराने गेले. आज त्याच वजनाची आणि तितक्याच दिवसांची किती तरी मुले आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही वाचतात. १९७२ साली लिगिन्स आणि हॉवी यांनी न्यूझीलंडमध्ये सिद्ध केले, की अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या मातेला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास पोटातील बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. हे औषध अगदी अल्प किमतीचे आहे. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षाला जे विकत मिळाले नाही, ते आज एका सालदाराच्या पत्नीला मिळू शकते. अट एवढीच, की ते देणारे माणूस वेळेवर भेटले पाहिजे.

याच १९६३ सालच्या डिसेंबरात केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. आरोग्यसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा का चालत नाही, याची फोड त्याने त्यात केली. जळगावच्या बाजारात केळी घेणारा व्यापारी घड पाहून भाव करतो. नको असेल तर पुढे जातो. आजारी माणसाला आपल्याला काय हवे आहे हेच ठाऊक नसते. ते विकणारा सांगतो आणि विकत घेणाऱ्याला विश्वासावाचून गत्यंतर नसते. ॲरोचा हा विचार वर्गात मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. पण त्याचा अर्थ मला उमगला तो धुळ्याच्या त्या बाकावर. काचेच्या पेटीत आपले मूल असताना कोणता बाप विचारील, की आणखी एक दिवस ठेवणे खरोखर आवश्यक आहे काय? भीतीला मागणीची लवचीकता नसते. जो दर सांगितला जाईल तो ती देते आणि जवळ नसेल तर पुढच्या सालाची मजुरी गहाण टाकते.

यावरून खासगी डॉक्टर लुबाडतात, असा सरसकट निष्कर्ष मी काढू इच्छित नाही. माझ्या मुलीला चार दिवस ठेवणे कदाचित आवश्यकही असेल. मुद्दा असा, की ते आवश्यक होते किंवा नव्हते, हे मला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. जेथे एका पक्षाला सारे ठाऊक आणि दुसऱ्याला केवळ धास्ती, तेथे बाजार न्याय करू शकत नाही. तेथे समाजाने आणि शासनाने मध्ये उभे राहावे लागते.

गडचिरोलीचा धडा

असे उभे राहता येते, याचा पुरावा परदेशात शोधण्याची आवश्यकता नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेद्वारे काम सुरू केले. बालकांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करून मृत्यू कमी करता येतात, हे त्यांनी १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले. निरक्षर दाईला साठपर्यंत मोजता येत नाही, ही अडचण त्यांनी कशी सोडविली ते पाहण्यासारखे आहे. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ असे एक साधे उपकरण त्यांनी तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी ठरलेले मणी संपले, तर श्वास जलद आहे, उपचार हवा.

त्यापुढील पाऊल अधिक धाडसाचे होते. १९९५ पासून एकोणचाळीस गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकविण्यात आले. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा, त्याला ऊब कशी द्यावी, जंतुसंसर्ग कसा ओळखावा आणि प्रतिजैविक केव्हा द्यावे, हे त्या शिकल्या. या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एका बाळामागे झालेला खर्च ५.३ डॉलर होता, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे दोनशे रुपये. सार्वजनिक पैशाचा याहून फलदायी विनियोग अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळेल.

या प्रयोगातील एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. त्या आरोग्यदूत स्त्रियांना प्रत्येक आजाराचे नेमके कारण कळत नव्हते आणि कळण्याची गरजही नव्हती. कारण अज्ञात असतानाही कृती करता येते. निरोगी दिसणारी बालके झोपेत अचानक दगावतात, त्याचे संपूर्ण कारण आजही उलगडलेले नाही. तरी बाळाला पालथे न निजविता पाठीवर निजवावे, एवढा संदेश १९९० नंतर पाश्चात्त्य देशांत घरोघर पोहोचला आणि असे मृत्यू निम्म्याच्या आसपास खाली आले. म्हणून "कारण कळत नाही" हे उत्तर प्रामाणिक असेल तर ते स्वीकारार्ह आहे. आईबापांना सर्वज्ञ डॉक्टर नको असतो. काय ठाऊक आहे, काय नाही आणि आता काय करीत आहोत, हे सांगणारा हवा असतो.

कागदावरची व्यवस्था आणि खानदेशचा रस्ता

गडचिरोलीचा हा धडा देशाने गिरविला. २०११ मध्ये केंद्र शासनाने घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत सुरू केला. रुग्णालयात बाळंतपण झाले असले तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी यावयाचे आहे. तिच्या पिशवीत वजनकाटा, तापमापक आणि श्वास मोजण्यासाठी घड्याळ असते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. त्यानुसार आजारी नवजात बालकावर शासकीय रुग्णालयात मोफत उपचार आणि तेथे नेण्याआणण्याची मोफत सोय हा हक्क झाला. आरंभी तीस दिवसांपर्यंत असलेली ही मुदत पुढे एक वर्षापर्यंत वाढविण्यात आली. जिल्हा रुग्णालयांत नवजात शिशूंसाठी विशेष कक्ष उभे राहिले. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनेच आहे; जळगावला ते २०१८ मध्ये आले. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी २० असताना महाराष्ट्रात ते ११ होते. याचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. माझी मुलगी आजारी पडली तेव्हा या मोफत उपचारांचा हक्क अस्तित्वात होता. सार्वजनिक आयव्यय शिकविणाऱ्या मला तो ठाऊक नव्हता. शिंदखेड्याच्या त्या सालदाराला तो कोठून ठाऊक असणार? त्याला गाडीवाल्याने जेथे उतरविले, तेथे तो गेला. हक्काची वार्ता पोहोचत नसेल, तर शासनाने केलेला खर्च आणि गरिबाने काढलेले कर्ज या दोन समांतर रेषा एकमेकींना न भेटता चालू राहतात.

शिवाय वार्ता पोहोचून भागत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बालके मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले आणि त्यांत बारा नवजात बालके होती. दूरदूरच्या गावांहून शेवटच्या अवस्थेत आणलेली मुले आणि त्या भाराखाली वाकलेले रुग्णालय, असे ते चित्र होते. आपल्याकडेही सातपुड्याच्या पायथ्याचे चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर हे तालुके, पलीकडचे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा, यांतील पाड्यांवरून निघालेल्या बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यास लागणारा वेळ हा त्याच्या आजाराचाच एक भाग असतो. आणि ज्या आशाने त्याचा श्वास प्रथम मोजावयाचा, तिला बेचाळीस दिवसांच्या साऱ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये ठरविण्यात आले. मानधनासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२३-२४ च्या हिवाळ्यात संप करावा लागला, हे विसरता येत नाही.

यावर डॉक्टर मंडळींचा एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. प्रत्येक धास्तावलेला बाप रुग्णालयात आला, तर खरोखर आजारी बालकांकडे पाहावयाचे कोणी? नवजात कक्षात एका परिचारिकेकडे किती बाळे असतात, याची कल्पना बाहेरच्यांना नसते. तिने बाळे सांभाळावीत की बापांना समजावीत बसावे? आक्षेप रास्त आहे. पण म्हणूनच पहिली मोजणी गावात व्हावयास हवी. गावातच एका मिनिटात निर्धास्त झालेला बाप रुग्णालयात गर्दी करणार नाही आणि ज्याला जावयाचे आहे तो दोन दिवस उशिरा जाणार नाही.

समजावण्यासाठी वेळ नाही, या सबबीची किंमतही आपण मोजलेली आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्यातच एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी अमानुष मारहाण केली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ते प्रकरण तान्ह्या बाळाचे नव्हते आणि त्या कृत्याचे समर्थन कोणत्याही सबबीवर होऊ शकत नाही. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० मध्येच कायदा केलेला होता. तोही ते रोखू शकला नाही. जेथे प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तेथे भीतीचे रूपांतर कधी कर्जात, कधी चटक्यात, तर कधी हिंसेत होते. तिला वेळीच दिलेले उत्तर या तिन्हींहून स्वस्त पडते.

काय करता येईल

मागण्या मोठ्या नाहीत. पहिली अशी, की नवजात बालकाला दाखल करून घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, ते शासकीय असो वा खासगी, रोज एकदा ठरलेल्या वेळी आईबापांशी पाच मिनिटे बोलावे आणि घरी पाठविताना एक पानभर मराठीत लिहून द्यावे. बाळाला काय झाले असे वाटले, काय केले, काय अद्याप कळलेले नाही आणि पुन्हा कोणत्या खुणा दिसल्यास यावे, एवढेच त्यावर असावे. दुसरी मागणी, आशांच्या भेटी प्रत्यक्ष व्हाव्यात, त्यांच्या पिशवीतील घड्याळ चालू असावे आणि त्यांचे मानधन वाढवून महिन्याच्या महिन्याला मिळावे. तिसरी, एका रुग्णालयातून दुसरीकडे बाळ पाठविताना तेथे जागा आहे काय, हे फोनवर विचारूनच पाठवावे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील नवजात कक्षांच्या रिकाम्या जागा एका ठिकाणी कळण्याची सोय झाल्यास, रुग्णवाहिकेत बाळ घेऊन दारोदार फिरण्याची पाळी कोणावर येणार नाही.

आपल्याकडे, म्हणजे हे सदर वाचणाऱ्या शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी वर्गाकडेही काही काम उरते. आपल्या घरी किंवा शेजारी बाळंतीण असेल, तर तिच्या खोलीतील शेगडीचा आणि धुरीचा धूर बंद करावा. कोवळ्या फुप्फुसांना तो सोसत नाही. नाकात तेल आणि तोंडात मध घालू देऊ नये. श्वास कसा मोजावा हे स्वतः शिकून घ्यावे आणि मोफत उपचारांचा हक्क घरी काम करणाऱ्या बाईला, शेतावरील सालदाराला आणि रिक्षावाल्याला आवर्जून सांगावा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण खेड्यांतून येतात. दरवर्षी सार्वजनिक आयव्ययाच्या पहिल्या तासाला मी त्यांना घड्याळ काढावयास सांगतो आणि एक मिनिट स्वतःचा श्वास मोजावयास लावतो. काही हसतात. तास संपल्यावर एखादा थांबून विचारतो, "सर, लहान बाळाचा किती असतो?"

पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी आपल्याकडील समजूत आहे. त्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची पद्धत आमच्याही घरी पाळली गेली होती. सहाव्या दिवशी जे घडले, त्यानंतर त्या कोऱ्या कागदाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. माझ्या मुलीच्या कागदावर लिहिण्यासाठी माझ्यापाशी पगार होता, एस.टी.चे भाडे होते आणि धुळे शहरात घर होते. त्या सालदाराच्या बाळाच्या कागदावर काय लिहिले गेले, हे मी त्या दिवशी विचारावयास हवे होते. "कोनले इचारसू?" हा त्याचा प्रश्न मात्र आजही उत्तर मागतो आहे आणि ते उत्तर त्याच्या गावात, त्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर असले पाहिजे.